करीम वस्तादने टुवाल टाकला होता

करीम, तुझा टुवाल मी पाहिला होता. तो माझ्या पायाशी पडला तेव्हाच पाहिला. तो तुझा आहे, तू तो का टाकलास आणि तो पडल्यावर पंचाने काय करायचं असतं, हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं.

एवढं आधी लिहून टाकतो. म्हाताऱ्या माणसाला इकडचंतिकडचं सांगत बसायची खोड असते आणि त्यात मुख्य गोष्ट राहून जाते. दहा वर्षं ती अशीच राहत आली.

तू गेल्याचं मला मालगाडीच्या गार्डाने सांगितलं. गाडी सायडिंगला थांबली होती. तो तंबाखू घ्यायला दुकानात आला आणि बोलता बोलता म्हणाला, आप्पा, तुमच्याकडे पूर्वी रुळांचे सांधे बदलणारा तो करीम सांधेवाला होता ना, तो वारला. तीन दिवस ताप आला, एवढंच. मी त्याला तंबाखू दिली, चुना दिला. इंजिनाने शिटी दिली तसा तो निघून गेला. ओट्यावर बसलेल्या कुणीतरी विचारलं, कोण गेलं आप्पा? मी म्हणालो, रेल्वेतला एक माणूस.

बघ, तेव्हाही मी तुझं नाव घेतलं नाही.

तू चुडाव्याला बदलून आलास तेव्हा माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास तो फाटकी पोती मागायला. पोती कशाला, असं मी विचारलं तर म्हणालास, मारायला. "पोत्यानं काय वाकडं केलं रं तुझं?" असं मी म्हणालो आणि ओट्यावरचे सगळे हसले. तूही हसलास. तुझा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, हसताना तो दिसायचा. दुसऱ्या दिवशी ते पोतं वाळू आणि भुसा भरून मालधक्क्यामागच्या लिंबाला टांगलेलं होतं आणि तू त्याला गुद्दे घालत होतास. बघायला निम्मं गाव लोटलं. एका म्हातारीने तर तुला बाहेरचं काही लागलंय असं ठरवून भाकरतुकडा उतरवून टाकायला सांगितलं.

पूर्ण्याच्या इंजिन शेडमध्ये तू पोरवयात कोळसा ओढायला लागला होतास. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने तुला ही विद्या दिली, आणि नोकरी सोडून जाताना चामडी हातमोज्यांचे दोन जोडही दिले. ते उसवले तेव्हा आपल्या चांभाराने शिवले आणि आत आपल्या रानातला कापूस भरला. गावाने या विद्येला 'बुक्क्यांची कुस्ती' असं नाव ठेवलं. तुला ते आवडायचं नाही. "कुस्ती न्हाई आप्पा, बॉक्सिंग," असं तू बजावायचास. दोन वर्षांनी तूच बुक्क्यांची कुस्ती म्हणू लागलास.

मी जन्माचा कुस्तीवाला. तरुणपणी झरीपासून वालूरपर्यंतच्या जत्रांत लढलो, आणि गुडघा गेल्यावर पंच झालो. मारुतीच्या देवळालगतच्या तालमीत कोणी उतरायचं आणि कोणी उंबऱ्याबाहेर राहायचं हे गावात जे ठरलेलं होतं, त्याची राखण करायला मीच दाराशी बसायचो. लाल मातीला सगळ्यांचे पाय चालत नसत. तुझ्या लिंबाखाली मात्र कोणीही यायचं. मराठ्यांची पोरं, आमची वाण्यांची, महारवाड्यातली, मोहल्ल्यातली, सगळी एकाच पोत्याला मारायची. तुझा एक नियम होता. समोरच्याच्या हाताला हात लावल्याशिवाय हात उगारायचा नाही. माझ्या भाच्याने महाराच्या पोराच्या हाताला हात लावला असं कानावर आलं तेव्हा मी तावातावाने तुझ्याकडे आलो. सगळं ऐकून घेऊन तू शांतपणे म्हणालास, "आप्पा, हात न लावता माणसाला मारायचं कसं, ते तुमीच शिकवा. मला येत न्हाई."

मी चिडून परत फिरलो. वाटेत मला हसू आलं, ते मी कुणाला दिसू दिलं नाही. त्या दिवसापासून मी रोज चारच्या सुमारास लिंबाखाली येऊन बसू लागलो. लोकांना सांगायचो, पोरावर नजर ठेवतो.

तो पोरगा म्हणजे महालिंग, माझ्या बहिणीचा, गिरजाचा एकुलता एक. तो तीन वर्षांचा असताना गिरजा विधवा होऊन माझ्या घरी आली. सासरी तिचं कोणी उरलं नव्हतं. महालिंग बोलताना अडखळायचा. गिऱ्हाईक आलं की जोंधळ्याच्या पोत्यांमागे लपायचा. मी त्याला कुस्तीला घातलं, तर तिथे पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची आणि तो रडत घरी यायचा. मी म्हणायचो, मर्दासारखा राहा. तू काय म्हणालास कोण जाणे. तुझ्याकडे जाऊ लागल्यावर वर्षभरात तो माणसाच्या डोळ्यात बघायला लागला. अडखळायचा तसाच, पण अडखळत का होईना बोलणं पुरं करायचा. एकदा दुकानात एका दांडग्या गिऱ्हाईकाने त्याच्यावर आवाज चढवला, तर हा म्हणाला, "थ-थांबा. माझं ब-बोलणं झालेलं न्हाई." गिरजा आत चुलीपाशी होती. ती हातातलं पीठ तसंच ठेवून दाराशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तुझ्यासाठी पुरणाची पोळी पाठवली, आमच्या घरातून तुझ्या घरी गेलेली पहिली. तो ऋणानुबंध मी विसरलेलो नाही. माझ्या घरात मला जे जमलं नाही ते तू मालधक्क्यामागे करून दाखवलंस.

आपला मोठा वाद एकच होता आणि तो कधी मिटला नाही. मी म्हणायचो, पाठ लागल्याशिवाय माणूस हरला कसा? गुडघ्यावर आला, पालथा पडला, तरी तो लढतोय. पाठ मातीला लागली की चीत, तोवर नाही. तू म्हणायचास, गुडघा टेकला की तो पडला, दहा आकडे मोजायचे. मी म्हणायचो, हा कसला नामर्दांचा खेळ. तुझी बाजू तू नाना तऱ्हांनी सांगितलीस, पण एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. "आप्पा, कुस्तीत निकाल जमीन देती. हितं जमिनीला कळत न्हाई. हितं माणसालाच बगावं लागतं."

जत्रेत बुक्क्यांची कुस्ती लावायची ही कल्पना माझी. हेही आजवर कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटतं तुझीच हौस. पूर्ण्याच्या शेडमधला एक फायरमन या खेळात तयार होता, त्याच्याशी महालिंगची लढत ठेवू असं मी सुचवलं. तू नको म्हणालास. पोरगा तयार आहे, पण त्याचं डोकं खाली जातं, अजून सहा महिने द्या, असं तुझं म्हणणं होतं. मी म्हणालो, जत्रा काय सहा महिने थांबते? खरं सांगायचं तर तालमीत त्याच्यावर हसलेल्या पोरांच्या बापांना मला दाखवायचं होतं. माझा भाचा, माझ्या घरचा. तू आठ दिवस अडून बसलास आणि मग महालिंगच तुझ्याकडे येऊन म्हणाला, म-मला लढायचंय वस्ताद. त्याला कोणी पढवून पाठवलं होतं ते तुला कळलं असणार.

पंच पूर्ण्याहून आणू, हे तुझं दुसरं म्हणणं. तेही मी मोडून काढलं. महादेवाच्या जत्रेत, गावच्या फडात, बाहेरचा पंच? पाटलांनीही माझीच बाजू घेतली. मग तू मला शिकवायला बसलास. जोंधळ्याची धाटं जमिनीवर मांडून चौकोन केलास. पट्टा कुठला, पट्ट्याखाली मारलं तर काय, मोजायचं कसं, सगळं सांगितलंस. आणि टुवाल. तुझ्या खांद्यावर कायम असायचा तो लाल काठांचा टुवाल हातात धरून म्हणालास, "हा फडात पडला की खेळ खतम. पोरगा उभा असू द्या, हसत असू द्या, म्हणू द्या काय बी. खतम." मला तीनदा म्हणून दाखवायला लावलंस. तिसऱ्यांदा मी वैतागलो. म्हणालो, मी काय बालवर्गात आहे? तू म्हणालास, "न्हाई आप्पा. पर तुमच्या फडात कपडे लय उडतात, म्हणून भ्या वाटतं."

उडतातच. आमच्याकडे पैलवानाने बहाद्दरी केली की लोक फेटे, उपरणी, काय हाताला लागेल ते फडात फेकतात. त्याचा तो मान असतो. तू हे ध्यानात ठेवलं होतंस. म्हणूनच तीनदा म्हणून घेतलंस.

त्या दिवशी दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. चार बाभळीच्या मेढी रोवून भोवती बैलांचे कासरे बांधले होते, आणि लोक विचारत होते की आत पैलवान येणार आहेत का गोऱ्हे. तू स्टेशनातला रुळाचा तुकडा टांगला होतास, घंटेसाठी. महालिंगने फायरमनच्या हाताला हात लावला. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात महालिंगचं डोकं खाली गेलं, तू म्हणायचास तसंच, आणि त्याच्या कानामागे ठोसा बसला. तो एका गुडघ्यावर आला. मी मोजू लागलो. लोक उठून ओरडत होते. सात म्हणालो तेव्हा तो उभा राहिला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, मी ठीक हाय."

तो अडखळला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्याशी एक वाक्य सरळ म्हटलं, आणि मला वाटलं, पोरगा मर्द झाला.

तेवढ्यात टुवाल पडला. त्याच्या मागोमाग दोन फेटे पडले, कारण तो उठला म्हणून लोकांना आनंद झाला होता. टुवाल आधी पडला, करीम. फेटे नंतर. मी खाली बघितलं, लाल काठ बघितला, वर बघितलं तर तू कासऱ्याला छाती लावून उभा होतास. तू "आप्पा" म्हणालास. मोठ्याने नाही. एकदाच.

मी तिन्ही कपडे गोळा केले, मेढीला अडकवले आणि म्हणालो, चालू.

का? याचं उत्तर मी दहा वर्षं शोधलं. माझ्या ध्यानात नियम होता, पण पोटात कुस्ती होती. पोरगा उभा आहे, त्याची पाठ लागलेली नाही, तो स्वतः ठीक म्हणतोय, पाटील गादीवर बसलेत, पूर्ण्याची माणसं हसतायत, आणि माझ्या भाच्याने हार मानायची ती एका टुवालामुळे? हे सगळं एका श्वासात मनात आलं. चूक झाली असं मी म्हणणार नाही. चूक झाली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

पुढचा ठोसा मी नीट पाहिलाही नाही. महालिंग तोंडावर पडला. आणि मी पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? खाली वाकून त्याची पाठ मातीला लागली आहे का ते बघितलं.

तू कासऱ्याखालून आत आलास आणि मला बाजूला ढकललंस. तो थोड्या वेळाने उठला, चालत घरी आला, गिरजाच्या हातचा भात जेवला. डोकं दुखतं म्हणाला. दोन दिवस लोक येऊन त्याची पाठ थोपटून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळे वर जाऊ लागले. बैलगाडीत घालून आम्ही त्याला स्टेशनात आणलं. तू येणारी मालगाडी लाल झेंडी दाखवून थांबवलीस, पुढे त्याबद्दल तुझ्यावर जाब विचारणारा कागद निघाला. गार्डाच्या डब्यातून त्याला नांदेडला न्यायचं ठरलं. पण त्याला उचलायच्या आतच, फलाटावर, त्याचं डोकं तुझ्या मांडीवर असताना तो गेला. तू माझ्याकडे बघून इतकंच म्हणालास, "फडात बोलताना तो अडखळला न्हाई, आप्पा. तवाच मी वळखलं." गिरजाने तुझ्या मांडीवरून त्याला ओढून घेतलं.

आम्हा लिंगायतांत मेलेल्याला बसवून माती देतात. जंगम आले, विभूती लावली, बेल वाहिला, महालिंगला खड्ड्यात बसवलं. लोक एकेक मूठ माती टाकू लागले. तू लांब उभा होतास, टोपी हातात धरून. सगळ्यांचं झाल्यावर तू पुढे आलास, वाकून माती उचललीस. पाटलांचा भाऊ म्हणाला, "तुझा हात लय लागला त्याला. आता राहू दे." गिरजा तुझ्यावर धावून आली. वस्ताद असून टुवाल टाकता आला न्हाई, डोळे फुटले व्हते का तुझे, असं म्हणाली. लढतीच्या वेळी ती बायकांत लांब बसली होती, तिला काही दिसलं नव्हतं. तिने तुला जे शिव्याशाप दिले ते मी इथे लिहीत नाही. तू ते मान खाली घालून ऐकलेस. मी दोन हातांवर उभा होतो. माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं असतं तर ती थांबली असती.

तू मूठ उघडलीस, माती तिथेच खाली सोडलीस आणि निघून गेलास.

चौकशीला पोलिसांचे अमीनसाहेब आले. चावडीत मला विचारलं, वस्तादने टुवाल टाकला होता की नाही? मी म्हणालो, साहेब, जत्रेचा फड, कपडे लय पडतात, त्यात कोणाचा कुठला कसं सांगावं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, न्हाई, मी तर बघितला न्हाई. मग तुला बोलावलं. मी भिंतीकडे बघत बसलो. तू म्हणालास, "आप्पा बोले सो सही." तेवढंच. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, तू सही केलीस, मी माझ्या नावाच्या अंगठीने शिक्का उठवला. तुझ्या तालमीला बंदी आली. पोतं मीच उतरवलं, कारण ते माझ्या दुकानातलं होतं.

आठ दिवसांनी मी तुला सांध्याच्या खटक्यापाशी गाठलं. मी रागावलेलो होतो, हे ऐकून तुला हसू येईल. मी तुला विचारलं, तू खरं का नाही बोललास? तू खटका पुसत होतास. पुसत पुसतच म्हणालास, "मी बोललो असतो तर गिरजाबाईनं तुमच्या घरात पाणी पिलं असतं का? आन् तुमचं घर सोडून ती जाणार कुठं? एक पोरगा गेला तिचा. भाऊ बी कशाला घालवायचा. मला काय, माझी बदली व्हती."

तू हे माझ्या भल्यासाठी केलं नव्हतंस हे मला तेव्हाच कळलं. तरी मी ते माझ्याच भल्यासाठी वापरलं. दहा वर्षं मनात खुपलं की मी स्वतःला सांगायचो, करीमचीच तशी इच्छा आहे. गिरजाला आधार राहू दे. माझ्या गप्प बसण्याला मी तुझ्या चांगुलपणाचं पांघरूण घातलं आणि खाली मजेत झोपलो.

तुझी बदली परभणीच्या पलीकडे झाली. वालूरच्या बाजारासाठी सेलूला जाताना तू मला दोनदा फलाटावर दिसलास, हिरवी झेंडी घेऊन उभा. पहिल्यांदा मी खिडकीतून मान आत घेतली. दुसऱ्यांदा तूच जवळ आलास. गिरजाबाई कशी आहे, असं विचारलंस. मी म्हणालो, बरी आहे. मी विचारलं, इथे पोरं शिकवतोस का? तू म्हणालास, न्हाई. मला वाटलं आणखी काही बोलशील. गाडी हलली, तू झेंडी गुंडाळलीस. ज्या माणसाभोवती वीस पोरं उभी राहायची तो एकटा फलाटावर उभा होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, बरं झालं, कुणी बघितलं नाही.

दरम्यान दिवस पालटले, हिंदू-मुसलमानांत तेढ वाढली. तुझ्या नावाआधी तुझी जात लागू लागली. आधी लोक म्हणायचे, करीम वस्तादच्या हयगयीने पोरगा गेला. मग म्हणू लागले, त्या मुसलमानाने आपला पोरगा मुद्दाम मारवला. नव्या पोरांना, ज्यांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांना हीच गोष्ट माहीत. तुझ्या जातीची माणसं वाईट कशी, याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून सांगितली जाते, आणि मी तागडी धरून ऐकतो.

गार्ड खबर देऊन गेला त्या संध्याकाळी ती गिरजाच्या कानावर गेली. तिने आधी महादेवापुढे डोकं टेकवलं. मग ताटलीत गूळ घेतला आणि शेजारीपाजारी वाटून आली. परत आल्यावर माझ्या हातावरही एक खडा ठेवला. म्हणाली, "देव हाय, दादा. उशिरा का व्हईना, हाय." मी तो खडा तोंडात टाकला, करीम. चघळला आणि गिळला.

त्यानंतर मला अन्न जाईना. पुढच्या सोमवारी महादेवाच्या देवळात आरतीला सगळे जमले होते. आरती झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. टुवाल पडला होता, मी पाहिला होता, मी लढत चालू ठेवली, अमीनासमोर मी खोटं बोललो. मला वाटलं होतं लोक मला शिव्या देतील, तोंडावर थुंकतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.  पाटील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप्पा, दिवस कसे हायत. आत्ता हे कशाला? त्यांच्या हातात आयतं कोलीत देता का?" मागे एक तरुण पोरगा दुसऱ्याला म्हणाला, म्हाताऱ्याला कोणी दम दिला असंल. कोणीतरी मला प्यायला पाणी आणून दिलं. मला घेरी आली आहे असं ठरवून दोघं जण मला घरापर्यंत सोडायला आले. गावाला तू गुन्हेगार हवा आहेस, करीम. माझ्या एका म्हणण्याने तू गुन्हेगार झालास, पण माझ्या हजार म्हणण्यांनी आता सुटणार नाहीस. खोटं सांगायला मी एकटा पुरलो होतो.

गिरजा अंगणात बसली होती. शेजारणीने आधीच येऊन सांगितलं होतं. तिने विचारलं, "लोक बोलायलेत ते खरं हाय का?" मी हो म्हणालो. खाली तिच्यासमोर बसलो आणि आत्ता इथे लिहिलं तसं सगळं सांगितलं, खटक्यापाशी तू जे बोललास तेही.  मी मनाची तयारी केली होती. ती उठेल, गाठोडं बांधेल, नाहीतर माझ्या तोंडात मारेल.

ती म्हणाली, "दहा वर्षं रोज सकाळी न्हाऊन, इभूत लावून, लिंग हातावर घेऊन मी त्याचं वाईट मागितलं. एक दिवस चुकले न्हाई. ते लागलं त्याला."

मी म्हणालो, असं नसतं गिरजा, ताप काय कुणालाही येतो, चुकीच्या माणसाला तळतळाट लागत नसतो.

"मंग ज्याला लागायचा त्याला का लागला न्हाई?"

ती रागाने विचारत नव्हती. लहानपणी एखादी गोष्ट कळली नाही की ती मला विचारायची, तसं विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणालो, आता लाग म्हण. उद्यापासून त्याच्या जागी माझं नाव घे. त्यावर ती उठली, दाराच्या चौकटीला धरून थोडी थांबली आणि म्हणाली, "एक जीव घेतला मी. दुसरा न्हाई घ्यायची."

ती कुठेही गेली नाही. तू म्हणाला होतास तसं तिला जायला जागाच नाही. रोज माझ्यासाठी भाकरी थापते, ताट पुढे सरकवते. पूजेला मात्र बसत नाही. लिंग गळ्यातून हातावर घ्यायला तिचा हात धजत नाही. मी समजावतो, जंगमांनी समजावलं, ती ऐकून घेते आणि कामाला लागते. तू तिचं घर राखायला गप्प राहिलास. मी माझं मन हलकं करायला बोललो आणि तिला तुझी मारेकरीण करून ठेवलं.

तिला हे खोटं आहे असं सांगू शकेल, आणि तो जे सांगेल ते तिला पटेल, असा एकच माणूस होता. त्याला जाऊन आज पंधरा दिवस झाले.